बिनजिन्याचं घर

कुलूप. पितळी, मुठीत मावेल न मावेल एवढं, दोन किल्ल्या एका तारेत ओवलेल्या, आणि तळहाताला त्याचा गारवा... खोली रिकामी झाली. तळमजल्यावरची भाडेकरू प्रिमितिवा वांका आपलं सगळं चंबूगबाळं आवरून, पोरीला कडेवर घेऊन निघून गेली. जाताना रडली नाही, भांडली नाही, उलट फरशी पुसून गेली. मग भिंतींना फिकट पिवळा रंग लागला, खाट खिडकीशी आली, आणि फोर्तुनातो किस्बेर्तने हे कुलूप दाराला अडकवून किल्ली खिशात टाकली.

हे सगळं झालं आणि यातलं काहीही झालं नाही. म्हणजे झालं ते हॉस्पिटलात, कासिल्दाच्या उशाशी बसून फोर्तुनातो बायकोला जे सांगत आला होता त्यात झालं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खोली नुसतीच रिकामी झाली होती. पुढच्या भेटीत कासिल्दानं विचारलं, "भिंती कशा आहेत रे?" तेव्हा रंग द्यावा लागला. त्याच्या पुढच्या भेटीत तिनं खिडकीची चौकशी केली आणि पडदे आले, पिवळेच, कारण ऐन वेळी दुसरा रंग सुचला नाही. ला पाझ शहरात एवढ्या झपाट्यानं आणि एवढ्या स्वस्तात एकही खोली आजवर तयार झाली नसेल. आणि खाली, खऱ्या खोलीत, प्रिमितिवा रोज उठून थोडी थोडी जास्तच राहत होती.

तेव्हा ते विसरून जावं हे उत्तम. आज कार्निव्हलचा मंगळवार, धरणीमायला घोट पाजायचा दिवस. कुलूप खिशात आहे. आणि उद्या कासिल्दा घरी येणार आहे.

तो जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होता. जिना बाहेरून काढलेला, सिमेंटचा. एकही पायरी दुसरीसारखी नाही, कारण बांधणारा गवंडी असाच कुठल्यातरी सणाच्या दुसऱ्या दिवशी कामावर आला होता. जिन्याला कठडा नाही. कठड्याचे लोखंडी पाइप मात्र आहेत. ते वर गच्चीत भिंतीला टेकून उभे आहेत, कितीतरी वर्षं... कासिल्दा त्यांच्यावर मोजे वाळत घालायची. "तुझा कठडा फार कामाचा आहे हं फोर्तु," म्हणायची, "मोजे अजिबात पडत नाहीत." मोजे पडले नाहीत. कासिल्दा पडली, कपड्यांची बादली घेऊन. तळाशी ती अशी काही बसली होती, की त्याला आधी वाटलं, बाई ऊन खात बसलीय.

"आता जिना विसरा," डॉक्टर म्हणाला होता. जणू जिना म्हणजे एखादा नातेवाईक, ज्यानं लग्नात गोंधळ घातलाय.

कठडा का राहिला? कारण नळ झाला. सेवेरोचा नियम. सेवेरो माचिकादो हा कासिल्दाचा भाऊ, वरच्या वस्तीत त्याची चार घरं भाड्यानं दिलेली, आणि भाडेकरूंबद्दलचा सल्ला तर तो रस्त्यात भेटेल त्यालाही देत असे, ज्याला घर नाही त्यालासुद्धा. "दाजी, भाडेकरूची तक्रार आधी, घरची मागनं. त्याचा नळ गळला तर आपली आंघोळ सोडून धावायचं. मग तो तोंड वर करून बोलू शकत नाही." आणि फोर्तुनातो धावला. प्रिमितिवाचा नळ, प्रिमितिवाची खिडकी, प्रिमितिवाच्या दाराची कडी. आणि खरंच, प्रिमितिवा कधी तोंड वर करून बोलली नाही. फक्त वर बघून म्हणायची, "देव तुमचं भलं करो हो," — आणि ते फोर्तुनातोला जास्त जड जाई.

आज सकाळी पुन्हा सेवेरोचा फोन. मागे त्याच्याकडचे फटाके वाजत होते, त्यामुळे प्रत्येक उपदेशानंतर आपोआप स्फोट होत होता.

"दाजी, नीट ऐका. बोलायचं ते जिन्यात. खोलीत पाय ठेवायचा नाही. पाय ठेवला की 'बसा' म्हणतात. बसलं की ताट येतं. आणि एकदा का तिच्या ताटातलं खाल्लं, की तुम्ही मालक नाही, पाहुणे!"

"पण सण आहे आज, सेवेरो."

"सणाच्याच दिवशी मालक बुडतात! एकच वाक्य. छोटं. शेवटी 'का' नको, 'ना' नको, 'बघा जमलं तर' तर मुळीच नको. उद्यापासून खोली लागणार. बस्स. वाक्य टाकायचं आणि वळायचं. मग कुलूप दाखवायचं."

"कुलूप कशाला दाखवायचं?"

"त्यानं वजन येतं."

"आणि ती कोमाद्रे आहे माझी..."

मग सेवेरो खोल आवाजात म्हणाला, "ते तुम्ही मला विचारून केलं नव्हतं, दाजी."

नव्हतंच विचारलं. प्रिमितिवाची पोर होसेलिन चालायला लागली, तिच्या जावळाचा दिवस ठरला, आणि पहिली बट कापायला प्रिमितिवानं कात्री आणून ठेवली ती फोर्तुनातोच्या हातात. बट कापणारा पोरीचा धर्मपिता होतो आणि आईबापांचा कोम्पाद्रे, आई त्याची कोमाद्रे. हे नातं सख्ख्या भावापेक्षा अवघड, कारण भावाशी निदान भांडता येतं. त्याला मूल नव्हतं. पोरीनं त्याच्या अंगठ्याला घट्ट धरलं होतं आणि तिचे केस... केस म्हणजे धूर... एवढंही वजन नव्हतं त्यांना. कात्री चालवली. त्या क्षणाला सबंध शहरात माझ्याइतका उंच माणूस नव्हता, आणि त्याच क्षणाला मी माझ्या तळमजल्यावरून कायमचा उठलो; हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. कोमाद्रेला घराबाहेर काढणाऱ्याचं नाव गल्लीत कुणी घेत नाही. नाव न घेता त्याच्याबद्दल बोलतात.

नोटीस द्यावी म्हणावं, तर तिथंही पंचाईत. फोर्तुनातोचा सगळा जन्म कचेऱ्यांसमोरच्या फुटपाथवर टाइपरायटर मांडून अर्ज लिहिण्यात गेलेला. सकाळी एखाद्या घरमालकाची नोटीस टाइप करायची, आणि दुपारी त्याच नोटिशीचा कागद हातात घेऊन भाडेकरू यायचा, तेव्हा त्याला सणसणीत उत्तर टाइप करून द्यायचं. दोन्हीकडून पैसे, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडून न्याय. सकाळी मालकाचं पटायचं, दुपारी भाडेकरूचं. आता प्रिमितिवाला नोटीस दिली तर काय होईल हे त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं: ती तो कागद घेऊन जिना चढून वर येईल, म्हणेल, "कोम्पाद्रे, कुणीतरी मेल्यानं हे पाठवलंय, जरा चांगलं उत्तर लिहून द्या बघू." आणि मी लिहीन. आणि ते नोटिशीपेक्षा चांगलं होईल.

तो एक पायरी उतरला. उद्यापासून खोली लागणार. दुसरी पायरी. उद्यापासून खोली लागणार... आहे. "आहे" नको, मवाळ होतं. तिसऱ्या पायरीवर वाक्य उलटं झालं, लागणार खोली उद्यापासून. हे एखाद्या गाण्यासारखं वाटलं. चौथ्या पायरीवर त्याला कासिल्दाचा आवाज ऐकू आला, कालचा: "फोर्तु, परवा अंधार पडायच्या आत आणतील ना रे? मला ते पिवळे पडदे उजेडात बघायचेत." ...आणि तिनं त्याचा हात धरला होता. अशा बेतानं, की तो पडेल अशी तिलाच भीती. नाही मिळाली खोली तर कुठं ठेवू मी हिला? फाटकात? खुर्ची टाकून? शेजारीपाजारी येतील, विचारतील, आणि ती हसून सांगेल की आत रंगकाम चाललंय, कारण ती मला कधी उघडं पाडत नाही... त्या कल्पनेत तो एवढा गुंतला, की पाचवी पायरी त्याला दिसलीच नाही. तो भिंतीला धरून थांबला. वाक्य तेवढ्यात कुठंतरी पडलं.

"या कोम्पाद्रे, या! मी म्हटलं, मालक झोपलाय का काय आज. धरणीमाय ताटकळलीय बिचारी!"

प्रिमितिवा दारात उभी. हातात दारूची बाटली, केसांत रंगीत कागदाचे कपटे, गळ्यात कागदी फितींचे हार. पायाशी होसेलिन, तीही तशीच सजवलेली, हातात मिठाईची पुडी, आणि ती अशी गंभीर, जणू तिलाच कुणीतरी विकत घेतलंय.

"मी इथंच बरा, कोमाद्रे. जिन्यातच. एक बोलायचं होतं."

"जिन्यात कुत्री बसतात हो. आत या!"

"नाही, छोटंसंच आहे. उद्यापासून—"

"उद्याचं उद्या! आधी तिला पाजा, मग मला बोला. उपाशी माणसाशी बोलू नये आणि तहानल्या जमिनीवर तर तोंडसुद्धा उघडू नये. घराला पहिला घोट मालकानं द्यायचा. मी दिला तर तिला वाटायचं, घर माझंच. मग तुम्ही बसा कोर्टात!" आणि ती खदखदून हसली.

तो आत गेला. पाय ठेवला. सेवेरोच्या नियमांतला पहिला गेला.

खोलीत घरं होती. मांडणीवर, खाटेखाली, खिडकीत, कपाटावर... प्लास्टरची, तळहातावर मावणारी, लाल छपराची, हिरव्या दाराची. जानेवारीच्या जत्रेत माणूस जी वस्तू चिमुकली विकत घेतो ती त्याला वर्षभरात खरीखुरी मिळते. म्हणून अख्खं शहर घर घ्यायला प्रिमितिवाकडे येतं. उरलेली घरं पुढच्या जत्रेची वाट बघत इथं राहतात. त्यामुळे या खोलीत माणसं दोन आणि घरं शेकड्यांनी. आणि खिडकीला पडदे. पिवळे. फोर्तुनातो त्या पडद्यांकडे बघतच राहिला. भिंतीही फिकट पिवळ्याच. खाट खिडकीशी. म्हणजे आपण काही रचलंच नव्हतं. हीच खोली सांगत होतो कासिल्दाला, फक्त तिच्यातून ही दोघं गाळून. गाळताना जराही अडखळलो नव्हतो.

"खिशात काय हो एवढं? दगड?" प्रिमितिवानं त्याच्या लोंबत्या खिशाला बोट लावलं. तो काही म्हणायच्या आत होसेलिननं हात घालून कुलूप बाहेर काढलं.

आता. आता दाखवायचंच होतं, आता वजन येणार...

"अगं बाई!" प्रिमितिवानं दोन्ही हात गालांना लावले. "कुलूप! कसं कळलं तुम्हाला? आमचं गंजून गेलंय, परवा तर मी दाराला चमचा खुपसून बाजारात गेले! होसेलिन, बघ, असा असतो धर्मपिता. तुझ्या बापानं साओ पावलोहून काय पाठवलं? गाणं पाठवलं, फोनवर!"

तिनं लगेच कुलपाच्या कमरेला कागदी फीत गुंडाळली, वर दारूचे दोन थेंब सोडले, आणि ते दाराला अडकवलं. खट्. चांगलं दणदणीत कुलूप होतं. सेवेरोनं पसंत केलेलं.

मग त्याच्या हातात बाटली आली. चार कोपरे. पहिल्या कोपऱ्यात त्यानं थोडी ओतली आणि गप्प राहायचं ठरवलं, पण तोंड... तोंडाला बापाची सवय होती. बाप दर कार्निव्हलला याच जमिनीवर, विटाही नव्हत्या तेव्हा, जे म्हणायचा ते आपोआप निघालं: इथं राहणारे सुखानं राहोत. दुसरा कोपरा: वर्षानुवर्षं राहोत. तिसरा: त्यांचा चुलीवरचा टोप रिता न होवो. आणि चौथ्या कोपऱ्यात, प्लास्टरच्या घरांच्या ढिगाऱ्यावर वाकून, तो स्वच्छ आवाजात म्हणाला, "आणि इथून त्यांना कुणी न हलवो."

म्हणून झाल्यावर ऐकू आलं. जन्मभर अर्ज लिहिलेल्या माणसाला हे कळत होतं, की आपण आत्ता सर्वांत वरच्या कचेरीत तोंडी जबाब दिला आहे, साक्षीदारांसमोर. तो मागे घ्यायची खिडकी कुठल्याच इमारतीत नाही.

"अगदी माझ्या आजोबांसारखं म्हणालात," प्रिमितिवा डोळे पुसत म्हणाली. "बसा."

तो बसला. ताट आलं. पीच घातलेला मटणाचा रस्सा, सणाचा पुचेरो, वर वाळवलेला काळा बटाटा. त्यानं खाल्लं. चव इतकी चांगली होती, की रडू आलं. त्यानं ते तिखटावर ढकललं.

"कोमाद्रे," तो म्हणाला, आणि वाक्य कुठं सापडतंय का म्हणून ताटात बघितलं, "उद्या कासिल्दा येतेय."

"उद्या? आणि हे आत्ता सांगता? मेले पुरुष!" ती उठूनच उभी राहिली. "केवढी गोड बातमी! आणि जिन्याचं काय?"

हेच. तिनंच काढलं. तिनंच विचारलंय, आता नुसतं उत्तर द्यायचंय...

"तेच," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणालाय, जिना चढायचा नाही. म्हणून मला—"

"म्हणून काय! तिनं कशाला चढायचं? माझे तिघं भाऊ आहेत ना! खुर्चीत बसवायचं, आणि हय्या! परवा त्यांनी एक फ्रिज चढवला, याच्या दुप्पट जिना, फ्रिजला ओरखडा नाही. फ्रिज तर भरलेला होता!"

"आणि खाली?"

"खाली काय?"

"म्हणजे... नंतर. उतरायचं कसं तिनं?"

प्रिमितिवानं त्याच्याकडे अपार मायेनं बघितलं. "उतरायचंय कशाला हो? वर काय कमी आहे? समोर बर्फाचा डोंगर, दिवसभर ऊन. इथं ऊन येतं ते जणू पत्ता चुकून. बसेल की राणीसारखी. मी रोज गरमागरम ताट पाठवीन. होसेलिन नेईल."

राणीसारखी. देवळातल्या कोनाड्यात बसवलेल्या मूर्तीसारखी. सणाला खांद्यावर घेऊन मिरवतील, एरवी खालून हात जोडतील... कासिल्दा वरून रस्ता बघेल. बाजार बघेल, बाया बघेल, उतरणारे बघेल. काही म्हणणार नाही. म्हणेल, "तुझा डोंगर फार छान दिसतो हं फोर्तु."

"तुम्ही काहीतरी बोलणार होतात," प्रिमितिवा म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती; होसेलिनच्या केसांतले कपटे एकेक काढत होती. "मघाशी. उद्यापासून काहीतरी."

तिला कळलंय. की नाही? कळलंय आणि ती वाट बघतेय. मी म्हणावं आणि तिनं उठावं, फरशी पुसावी आणि जावं, तसंच्या तसं, मी सांगितलं होतं तसंच, न रडता, न भांडता. एवढ्या घरांसकट कुठं जाईल? पोर तिच्या मांडीवर पेंगुळली होती. एक शब्द. आता "का" नको, "ना" नको.

"पडदे," फोर्तुनातो म्हणाला. "चांगले आहेत."

"जुनेच तर आहेत," ती म्हणाली, आणि पोरीला खाटेवर टेकवलं. मग उठली, कपाटावरून हात लांब करून काहीतरी काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "हे तुमच्यासाठी बाजूला ठेवलं होतं. नीट बघा."

त्याचंच घर होतं. तेच निळं फाटक, छपरावर तीच एका बाजूला कललेली पाण्याची टाकी. खिडकीला पिवळा ठिपका.

"जिना नाही याला," तो म्हणाला.

"जिना प्लास्टरात टिकत नाही हो. साच्यातून काढला की मोडतो. दोनदा मोडला. शेवटी मजलाच गाळला." तिनं घरावर दारूचा शिंतोडा मारला, चिमूटभर कपटे टाकले. "झालं. आता वर्षभरात खरं मिळतं."

"मला घर आहे, कोमाद्रे."

"मग आणखी एक मिळेल. मालक लोकांना मिळतच जातं," ती म्हणाली. हसली, पण मघासारखी नाही.

जिना चढताना तो मध्यावर बसला, एका हातात घर, दुसऱ्यात तिनं दिलेली बाटली. जिथं कुत्री बसतात तिथं. खाली प्रिमितिवा पोरीला घेऊन भावांना निरोप द्यायला निघाली. नव्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला, खट्, आणि गल्लीच्या वळणावर तिच्या फिती दिसेनाशा झाल्या. कुठंतरी फटाके. बर्फाचा डोंगर समोर होता, नेहमीसारखा, कुणालाही उतरवून न घेणारा.

त्यानं वाक्य शोधलं. ते नव्हतं. त्याला हलकं वाटलं, पण ते सुखानं नव्हे; पडणाऱ्या माणसाला मध्येच क्षणभर वाटत असेल, तसं. तळहातावरचं घर ओलं होतं. या घरात कोण राहतं? खाली कोण, वर कोण, हा प्रश्नच नाही त्यात. वरच नाही. आणि त्याला एकदम, अगदी शांतपणे, जाणवलं की उद्या कासिल्दा त्याला काहीच विचारणार नाही. खुर्चीतून वर जाताना पिवळे पडदे तिला फाटकातून दिसतील, आणि ती त्यांच्याकडे बघून म्हणेल, छान आहेत. त्याच्या आत टाइपरायटरची पट्टी सरकल्यासारखं झालं. जन्मभराची भाषा रांगेनं येऊन उभी राहिली. बाटलीत उरलेली दारू त्यानं पायरीवर ओतली, घर तिच्याशेजारी ठेवलं, आणि हात गुडघ्यांवर, नसलेल्या कळांवर, ठेवून तो हलक्या आवाजात सांगू लागला:

माननीय धरणीमाय यांचे सेवेशी. अर्जदार फोर्तुनातो किस्बेर्त, या घराचा कागदोपत्री मालक, नम्रपणे सादर करतो की, सोबत जोडलेल्या नमुन्यात जिना नाही. तरी आपल्या अखत्यारीतील हालचालींपैकी एखादी सौम्य हालचाल करून, तळमजल्यावरील रहिवाशांस व त्यांच्या मालास कोणताही धक्का न लावता, सदर घराचा वरचा मजला उद्या अंधार पडण्यापूर्वी जमिनीच्या पातळीवर आणून देण्यात यावा, ही विनंती. पडदे अर्जदार स्वखर्चाने लावील.